थुंकायचा राहिलेला घोट

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी राजेंद्रने तोंडातली वाइन गिळली. महाडमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत त्या वेळी तो एकटाच होता. गिळली हे त्याला लगेच कळलं नाही. तो मनात आकडे मोजत होता. वाइन थुंकून टाकल्यावर तिची चव तोंडात किती वेळ टिकते ते तो असं मोजायचा. दहाच्या आत संपली तर साधी, पंधराच्या पुढे गेली तर लक्ष द्यावं अशी. सतरा, अठरा, एकोणीस. चव जात नव्हती, झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तशी जागच्या जागी हलत होती. बाविसाव्या आकड्याला त्याची नजर पायाशी ठेवलेल्या स्टीलच्या बादलीकडे गेली. तळाशी सकाळी पसरलेला लाकडाचा भुसा होता, आणि तो जसाच्या तसा कोरडा होता. राजेंद्रने मोजणं थांबवलं. जिभेने दोन्ही गाल आतून चाचपले. तोंडात काही नव्हतं. छातीच्या मधोमध मात्र, कुणी तळहात टेकवून ठेवावा तशी ऊब होती.

राजेंद्र पंचावन्न वर्षांचा होता आणि एकतीस वर्षं वाइन चाखण्याचंच काम करत होता. आधी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात, मग नाशिककडच्या एका वाइन कंपनीत, आणि आता सात वर्षं महाडला घरबसल्या. कंपनी कुरियरने बाटल्या पाठवायची, लेबल सोलून, नुसता नंबर चिकटवून. तो चाखायचा, कागदावर मत लिहायचा, कागदाचा फोटो काढून पाठवायचा. या एकतीस वर्षांत त्याने एकही घोट पोटात जाऊ दिला नव्हता. चाखणारे सगळेच थुंकतात. एका सकाळी चाळीस बाटल्या उघडायच्या तर दुसरा इलाजच नसतो. पण काम संपलं की तेच लोक खुर्च्या ओढून, आवडलेली एखादी बाटली मधे ठेवून बसतात. राजेंद्रही बसायचा, पाण्याचा ग्लास घेऊन. नाशिकला काही जण त्याला देवमाणूस म्हणायचे, काही जण म्हणायचे की गडी घरी नेऊन पीत असणार. तो दोन्हींवर पाण्याचा घोट घ्यायचा. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या पठारावर त्याचं जे गाव होतं, तिथली गोष्ट नाशिकच्या टेबलावर सांगितली असती तर तिचा विनोद झाला असता, आणि ती तशी विनोदीच होती, म्हणून तर सांगायची नव्हती.

त्याच्या वाडीत नऊ घरं. शिमग्याला देवीची पालखी निघते तेव्हा पुढचा खांदा दर वर्षी एका घराचा असतो. एकदा मान झाला की पुन्हा पाळी नऊ वर्षांनी. खांदा देणाऱ्याला एकच अट. मागच्या शिमग्यापासून या शिमग्यापर्यंत दारू गळ्याखाली गेलेली नसावी. एकोणीसशे नव्याण्णवला राजेंद्रच्या घराची पाळी आली. वडिलांचा, चांगूचा, गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे खांदा राजेंद्रनेच द्यायचा होता. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि मुंबईत राहणाऱ्या कुणीतरी गावात बातमी आणली होती की राजू हॉटेलात दिवसभर दारूच तोंडात घेतो. गावकी देवळात बसली. गावकीचा म्होरक्या सोनबा गावकर तेव्हा पंचावन्नचा, म्हणजे आजच्या राजेंद्रएवढा. त्याने पोराला खांबाशी उभं केलं.

"तोंडात घेतोस?"

"घेतो."

"मंग?"

"मग थुकतो."

"थुकायचं तर घ्यायचं कशापायी?"

"तेच काम हाय, दादा. चव सांगायची."

"आणि थुकायचा पगार देतात?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आमी इथं फुकट थुकतो रे, आमाला पण लाव." देऊळ हसलं. चांगू मान खाली घालून गुडघा चोळत राहिला. मग बायकांच्या बाजूने राजेंद्रची आई, रंगूबाई, बसल्या जागेवरून बोलली. गावकीत बायका सहसा बोलत नसत, पण तिने कुणाकडे न बघता, समोरच्या समईला सांगावं तसं सांगितलं. "आमी रोज सकाळी मशेरी लावतो आणि थुकतो. कोन म्हनतं का आमी तंबाखू खाल्ला?" तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरात मशेरी होती. तरी सोनबा खात्री केल्याशिवाय सोडणारा नव्हता. त्याने काचेचा पेला मागवला, त्यात पाणी ओतलं, पाण्याच्या पातळीवर बाहेरून कोळशाने रेघ ओढली आणि राजेंद्रला सांगितलं, हॉटेलात करतोस तसं कर. राजेंद्रने पेल्यातलं सगळं पाणी दोन घोटांत तोंडात घेतलं, घोळवलं आणि परत पेल्यात सोडलं. सोनबाने पेला दिव्यासमोर धरला. पाणी रेघेच्या किंचित वर चढलं होतं. लाळ असते, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. "जास्तच आलं की रे," सोनबा म्हणाला, आणि गावकीने ठरवलं की थुंकलेलं ते पोटातलं नव्हे. त्या वर्षी राजेंद्रने पुढचा खांदा दिला, आणि अट एकाच वर्षाची असली तरी देवळात सांगितलेला शब्द मधल्या वर्षांतही पाळला. दोन हजार आठला दिला. दोन हजार सतराला दिला. यंदा पुन्हा त्यांच्या घराची पाळी होती आणि शिमग्याला तीन आठवडे उरले होते. पुढची पाळी येईल तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा असेल, आणि चढ चढताना त्याचा गुडघा आत्ताच वडिलांसारखा वाजू लागला होता. त्याच्याशिवाय घरात खांद्याला पुतण्या सार्थकच होता, पण तो मुंबईत बियर पितो हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याने ते कधी लपवलंही नव्हतं.

राजेंद्र उठला नाही. ग्लास अजून हातात होता. त्याच्या मनाला जे झोंबायला हवं होतं ते झोंबत नव्हतं, आणि तेच त्याला विचित्र वाटत होतं. भीती नव्हती, पश्चात्ताप म्हणावा असंही काही नव्हतं. खिडकीतून सावित्री नदीच्या बाजूची हवा येत होती, खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, आणि त्याला बरं वाटत होतं. इतकं बरं की त्याने या बरं वाटण्याचीच तपासणी सुरू केली, एखाद्या नंबरच्या बाटलीची करावी तशी. नंबर सतरा. दोन दिवस उभी ठेवून गाळ खाली बसू दिला होता. बूच जुनं होतं, म्हणून साधा स्क्रू न वापरता दोन पात्यांच्या चिमट्याने हळूहळू फिरवत काढलं. तरी कडेचा एक तुकडा मोडलाच. रंग बघायला बायकोच्या, वैशालीच्या, शाळेतल्या कोऱ्या उत्तरपत्रिकेचं पान खाली धरलं होतं. मध्यभागी अजून गर्द, कडेला जुन्या कौलाचा. म्हणजे पंधरा वर्षांच्या पुढची. पहिला वास बंद खोलीचा, तो पाच मिनिटांत गेला. मग उन्हात सुकलेल्या करवंदाचा. त्याच्या पाठोपाठ, लांबून, तव्यावर मशेरी भाजत असल्याचा. मग पावसाळ्यात अळंबी उकरल्यावर मातीला येतो तो, आणि शेवटी सोललेल्या पेन्सिलीचा. फ्रान्समधल्या बोर्दोच्या पद्धतीचं मिश्रण, कॅबर्ने द्राक्ष जास्त, मर्लो कमी, हे त्याने वासावरच ओळखलं होतं, आणि इथपर्यंत सगळं रोजच्यासारखंच होतं.

वास ओळखायला त्याला हॉटेलने शिकवलं नव्हतं. हॉटेलने फक्त नावं शिकवली. लहानपणी रंगूबाई त्याला भाताच्या कणगीत डोकं घालायला लावायची आणि विचारायची, ओल लागली का सांग. नाचणीचं पीठ शिळं झालं की घरात पहिल्यांदा त्याला कळायचं. रानातून मध आला की डोळे मिटून नुसत्या वासावर तो हा जांभळाचा, हा हिरड्याचा असं सांगायचा, आणि चुलता पैज जिंकायचा. हॉटेलात पहिल्या वर्षी त्याला ब्लॅककरंट नावाचं फळ पाठ करावं लागलं. ते त्याने त्यानंतर अकरा वर्षांनी पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहून त्याची निराशा झाली. तेव्हापासून तो वहीत दोन रकाने करत आला होता. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे कंपनीचा. करवंद, ब्लॅककरंट. भाजलेली मशेरी, टोबॅको. सोललेली पेन्सिल, सीडर. कागद पाठवताना फक्त उजवा रकाना उतरवायचा. डावा कुणी मागितला नव्हता.

आणि मग घोट. राजेंद्र तिथे पुन्हा पुन्हा जात राहिला. घोट तोंडात आला तेव्हा पहिल्यांदा आंबटपणा लागला, आमसुलाचा, पण धार बोथट झालेला. मग तुरटपणा यायला हवा होता. तरुण वाइनचा तुरटपणा कच्च्या जांभळासारखा जिभेला ओढतो, हिरड्यांना चिकटतो. हिचा आला तो पुष्कळ वेळा धुतलेल्या लुगड्यासारखा, अंगाला लागूनही न टोचणारा. त्याने घोट गालात फिरवला, थोडी हवा आत ओढली. साधारण आठव्या सेकंदाला थुंकायची वेळ होते, तशी ती झाली. आणि त्या वेळी त्याच्या मनात दोन शब्द आले होते. राहू दे. हे शब्द आले होते याबद्दल त्याला शंका नव्हती. शंका होती ती ते कधी आले याची. घोट घशाखाली उतरण्याआधी आले असतील तर ती परवानगी होती. नंतर आले असतील तर नुसतं समाधान. आणि राहू दे म्हणजे काय? आणखी थोडा वेळ तोंडात राहू दे, की थुंकायचं राहू दे? त्याने दुसरा घोट घेतला, तितकाच, आणि आठव्या सेकंदाला बादलीत थुंकला. सव्वीसपर्यंत चव टिकली. तिसरा घेतला, थुंकला. पुन्हा सव्वीस. घशाने दोन्ही वेळा मुकाट्याने हुकूम पाळला. म्हणजे पहिल्या वेळी घसा आपल्या मनाने वागला असं म्हणायला त्यानेच जागा ठेवली नव्हती. भुसा आता ओला झाला होता. त्याने बिनमिठाचे चार कुरमुरे तोंडात टाकले आणि पाणी प्याला, पण छातीतली ऊब पहिल्या घोटाचीच होती, ती या दोन्हींमुळे वाढलीही नाही आणि कमीही झाली नाही.

तिथे बसून त्याच्या मनात एक आणखी गोष्ट आली आणि ती त्याला चांगलीच अस्वस्थ करून गेली. विकत घेणारा माणूस वाइन पितो. ती त्याच्या घशातून खाली जाते, जेवणात मिसळते, त्याला थोडं बोलकं करते, थोडं झोपाळू करते. राजेंद्रने हजारो बाटल्यांवर मतं लिहिली होती ती सगळी घशाच्या अलीकडून. जणू पडवीत बसून त्याने घरांबद्दल सांगितलं होतं. दार किती उंच, सारवण कसं, आतून धूर येतो का. आत तो कधी गेला नव्हता. मतं चुकीची होती असं नाही. पडवीवरून घराबद्दल पुष्कळ कळतं. पण या नंबर सतराच्या वाइनची खरी गोष्ट घशाखालीच सुरू होत होती, आणि असल्या किती वाइन त्याने चव पंधरा सेकंद म्हणून नोंदवून पुढे ढकलल्या असतील? हा विचार त्याला नाशिकला, चाळिशीत आला असता तर त्याने नोकरी सोडली असती, किंवा मान सोडला असता. आता पंचावन्नला तो आला, थोडा वेळ बसला, आणि राजेंद्रला त्याच्याशी भांडावंसं वाटलं नाही.

एक वाजून चाळीस मिनिटांनी वैशाली शाळेतून जेवायला आली. ती महाडच्याच एका शाळेत भूगोल शिकवायची आणि दुपारच्या सुट्टीत पाऊण तास घरी यायची. पानं घेताना त्याने तिला सांगितलं, लपवावं असं काही नसल्यासारखं, पण आवाज जरा खाली ठेवून.

"गिळली? तुम्ही?" वैशाली डाव हातात धरून उभी राहिली.

"गेली."

"कशी होती?"

सकाळपासून त्याने स्वतःला पुष्कळ विचारलं होतं, पण हे नव्हतं. "चांगली होती," तो म्हणाला.

"एकतीस वर्षं मी ऐकतेय, तोंडभर नावं. सीडर काय आणि लेदर काय. आज नुसतं चांगली होती?"

"खूप चांगली होती."

"मग आणा बघू इकडे." तिने वाटीत बोटभर ओतून घेतली, दूध प्यावं तशी प्याली आणि तोंड वाकडं केलं. "तुरट. आणि माझ्या आईच्या लग्नातल्या पेटीचा वास येतोय. कपडे काढून घेतल्यावर आत राहतो ना, तो."

राजेंद्र जेवण सोडून वही आणायला उठला. सोललेली पेन्सिल खोडून त्याने डाव्या रकान्यात लग्नातली पेटी, कपडे काढल्यावर, असं लिहिलं. वैशाली भात कालवत त्याच्याकडे बघत होती. "पालखीचं काय करणार?" तिने विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही. ती म्हणाली, "कुणाला माहीत आहे? मला आणि तुम्हाला. मी तर देवळात बोलणार नाही."

"तसं नाही गं."

"माहीत आहे तसं नाही. सांगायचंच असेल तर आधी आईंना सांगा. गावकीच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे आधी गुड मॉर्निंगची फुलं येतील, मग तुमचा घोट." ती हसली, आणि तोही हसला. अडीचच्या तासाला उशीर नको म्हणून ताटं तशीच ठेवून ती गेली.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी कंपनीच्या ऋतिकाचा फोन आला. ती तिशीतली, कंपनीत वाइन बनवण्याचं काम बघणारी, आणि राजेंद्रला सर म्हणणारी शेवटची काही माणसं उरली होती त्यांतली एक. "सर, सतरा नंबर उघडली का? प्लीज सांगा, मला राहवत नाहीये."

"उघडली. कुठली आहे ती?"

"आधी मत सांगा, मग मी सांगते."

"तयार आहे. आणखी तीन वर्षं अशीच राहील. त्यापुढचं मी सांगत नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "सर, ही दोन हजार नऊची आहे. आमच्याकडे जुनी फाइल आहे, त्यात तुमच्या अक्षरात लिहिलंय. तुरटपणा फार, फळ कमी, पाच वर्षांत विकून टाका. त्या वेळचे मालक चिडून म्हणाले होते म्हणे, चारशे बाटल्या ठेवाच, बघू कोण खरं ठरतं. त्या ठेवल्या आणि विसरले. आता तुमच्यासारखाच रिपोर्ट बाकीच्या दोघा चाखणाऱ्यांचा आलाय. आम्ही त्या जुन्या वाइन म्हणून बाजारात आणतोय."

"मी चुकलो होतो," राजेंद्र म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडातून फार सहज निघालं. पंधरा वर्षांपूर्वी त्याने एका बाटलीला मरणाची तारीख दिली होती आणि ती तारीख ओलांडून बाटली त्याच्या घरी आली होती. यात लाज वाटण्यासारखं काही असेल तर ते त्याला सापडलं नाही. उलट कुणीतरी आपलं न ऐकल्याचं असं सुख त्याला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. ऋतिका म्हणाली, रिपोर्ट आजच लागेल, आणि चव किती टिकते तो रकाना मागच्या वेळी तुम्ही विसरला होता, तेवढा भरा. त्याने सांगितलं की या वेळी त्यात दोन ओळी लिहाव्या लागतील. "एक आकडा पुरतो, सर," ती म्हणाली. या वेळी पुरणार नाही, तो म्हणाला.

कुडपणला फोनची रेंज शाळेजवळच्या पारावर येते. रंगूबाई रोज चार वाजता तिथे जाऊन बसते. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी तेव्हा बोलायचं. राजेंद्रने चारला फोन लावला. तिची तब्येत, शेळी, डोळ्यांतलं औषध, हे झालं. मग त्याने सांगितलं. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत राहिला.

"किती?" रंगूबाईने विचारलं.

"एक घोट."

"मंग आता थुक."

"आता कुठून थुकू, आई? सकाळचं हाय."

"ग्वाड व्हतं?"

"नाय. तुरट."

"जाणून गिळलास का गेलं?"

राजेंद्र खिडकीपाशी उभा होता. याचं उत्तर एका शब्दाचं होतं आणि दोन्ही शब्द त्याला येत होते. "कळत नाय, आई," तो म्हणाला.

"कळत नाय म्हंजे? तोंड कुनाचं?" हा आवाज रंगूबाईचा नव्हता. तो ब्याऐंशी वर्षांच्या सोनबाचा होता, जवळून आलेला. राजेंद्रच्या लक्षात आलं की आईचा फोन स्पीकरवर होता. तो नेहमीच असतो. स्पीकर बंद करायचं बटण तिला कधी सापडलं नव्हतं, आणि पारावर त्या वेळी बसलेल्या सगळ्यांनी शेळीपासून घोटापर्यंत सगळं ऐकलं होतं. रंगूबाई म्हणाली, "तुझंच आयकत व्हते सगळे. मी काय कान धरू का त्यांचे?" कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "राजूदादा, येताना आमाला पण आण रे त्यातली." सोनबाने त्याला गप्प केलं.

"आयक, राजू," सोनबा म्हणाला. "पाण्यात पडल्याच्या नाकातोंडात पाणी जातं. त्याला कोन पाणी प्याला म्हनत नाय. तसं आसंल तर खांदा तुझा. पन जाणून गिळलं आसंल तर नाय. मंग एक घोट काय नि एक पिंप काय."

"बरोबर हाय, दादा."

"बरोबर हाय ते मला ठावं हाय. तुझं काय झालं ते सांग."

राजेंद्रने त्याला सांगायचा प्रयत्न केला. घोट तोंडात होता, थुंकायची वेळ झाली होती, मनात राहू दे असं आलं, ते आधी आलं का नंतर ते कळलं नाही. तो सांगत असताना स्वतःला ऐकत होता, आणि कागदावर लिहिताना जसा एकही शब्द जास्त पडू नये म्हणून सांभाळायचा तसा सांभाळत होता. मग सोनबा म्हणाला, "हे समद्या घरांना विचारावं लागंल. मुंबईवाल्यांना पन." आणि फोन बंद झाला.

साडेचार ते पावणेसहा राजेंद्रने रिपोर्ट लिहिला. रंग, वास, आंबटपणा, तुरटपणा, सगळं. या वेळी त्याने दोन्ही रकाने उतरवले, डावा आणि उजवा, लग्नातल्या पेटीसकट. कुणी मागितलं नव्हतं, पण कोरी जागा होती. चव किती टिकते त्यापुढे लिहिलं: दुसरा व तिसरा घोट, सव्वीस सेकंद. पहिला घोट थुंकला गेला नाही, त्यामुळे मोजता आला नाही, अजून आहे. शेवटचे दोन शब्द खोडावेत असं वाटून त्याने पेन टेकवलं आणि ते तसेच राहू दिले, कारण ते खरे होते. पाच वाजून बावन्न मिनिटांनी फोटो गेला. सहाला ऋतिकाचं उत्तर आलं, मोठ्याने हसणारा चेहरा आणि पुढे, सर हे छापू का बाटलीवर? उरलेल्या बाटलीला बूच लावून त्याने ती फ्रिजच्या दारात, ताकाच्या तांब्याशेजारी ठेवली. वैशाली शाळेतून येऊन उत्तरपत्रिका तपासायला बसली. मधे एकदा म्हणाली, ग्रुप वाजतोय तुमचा. त्याने बघितला नाही. चहा केला, दोघांनी घेतला. घर रोजच्यासारखंच होतं. त्याला वाटलं, चांगले-वाईट दिवस मोजायचे म्हटलं तर हा आजचा मंगळवार चांगल्यात धरावा लागेल, आणि खांदा गेला तरीही धरावा लागेल का, हे त्याने स्वतःला विचारलं. चढावर पालखी डोक्याइतकी उंच उचलतात, तेव्हा पुढच्या माणसाला मागचं कुणी दिसत नाही, फक्त खांद्यावर सगळ्यांचं वजन एकदम येतं, आणि क्षणभर वाटतं की आपण नसतो तर हे इथेच थांबलं असतं. हे वाटणं खोटं असतं. मागे आठ घरांची माणसं असतात. तरी ते त्याला आणखी एकदा हवं होतं, चौसष्टाव्या वर्षापर्यंत न थांबता, आणि हवं असणं किती आहे ते त्याला आत्ता, चहाचा कप धुताना, कळलं.

साडेसातला फोन वाजला. रंगूबाई होती. या वेळी ती कधी फोन करत नसे.

"अजून पारावरच हायस?" त्याने विचारलं.

"उठू कशी? समदे हितंच बसल्यात. जेवायला पन कोन गेलं नाय. सोनबाच्या सुनेनं हितंच चहा आनला." मागे बोलणं चालू होतं, एक पुरुषी आवाज वरच्या पट्टीत काहीतरी मोजत होता. "आयक. आठ घरांचं झालं. मुंबईवाल्यांनी पन कळवलं. चार घरं म्हनतात राजू आपल्या तोंडचं खोटं बोलनार नाय, त्यानं गिळलं नाय, गेलं. चार घरं म्हनतात एवढ्या वर्सांत गेलं नाय, मंग आजच कसं गेलं? त्यानं गिळलं."

"आणि?"

"आनि काय. नववं घर आपलं. सोनबा म्हनतो, घराचा धनी सांगंल ते. तुझ्या बापामागं धनी तूच. रातीच लिवून ठेवायचं हाय." तिने फोन तोंडाजवळ ओढल्याचा खरखराट आला. "काय सांगू त्यांना, राजू? गिळलंस, का गेलं?"

वैशालीने लाल पेन खाली ठेवलं होतं. सात वाजून एकेचाळीस मिनिटांनीही फोन चालू होता, आणि राजेंद्र थुंकायच्या आधीचे ते आठ सेकंद मनात पुन्हा मोजत होता.